चेहरा तेवढा बाकी आहे

दौलतभाऊंनी मला फसवलं. मुलगी जिवंत असताना ती मेली असं सांगितलं आणि माझ्याच हातून तिचा रंग काढून नेला.

दिवाळी अंकात गोड लिहायचं असतं हे मला कळतं. संपादकांनी धंद्यातले अनुभव मागितले, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं की लिहिण्यासारखा एकच आहे आणि तो गोड नाही. नावं बदलली आहेत. त्यांचं गाव लिहिलेलं नाही. ज्याचं आहे त्याला कळेल, आणि त्याला कळावं म्हणूनच लिहिते आहे.

अर्जुनी मोरगावला एसटी स्टँडच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. आमच्या समाजातल्या कुणाचं तेव्हा त्या ओळीत दुकान नव्हतं, आणि बाईचं तर नव्हतंच. गाळ्याचा मालक भाड्यानं द्यायला तयार नव्हता. जातीमुळे की बाई म्हणून, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्याच्या ओट्यावर बसून मी इतकी हुज्जत घातली की शेवटी त्यानं वैतागून किल्ली माझ्यासमोर टाकली. तेव्हापासून बाजारात माझं नाव आहे, की या बाईशी भाव करायचा तर घरून जेवून यावं. मला ते नाव आवडतं. मी ते कमावलं आहे.

काम शिकले गोंदियाला, एका कलर लॅबमध्ये. प्रिंट कापायला लागले आणि पुढे कॉम्प्युटरवर बसले. लॅबचे सेठ हिंदीत खेकसायचे. एकदा मी नवरीच्या साडीला हौसेनं भडक रंग चढवला, तर मागे येऊन म्हणाले, “रंग डालना तो सबको आता है, लड़की. निकालना सीख.” ते मी शिकले. फार चांगलं शिकले.

आमच्या धंद्यात ‘सिलेक्टिव्ह कलर’ म्हणजे दोन वेगळी कामं. एक म्हणजे फोटोतला एकच रंग पकडून त्याला वर-खाली करायचं. हळदीचे फोटो घ्या. नवरीच्या अंगावरची हळद, मांडवाचं पिवळं कापड, वरून हॅलोजनचा उजेड. सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. मग नुसता पिवळा पकडायचा आणि खाली ओढायचा. लाल, हिरवा जागच्या जागी राहतात आणि पाहुणे बरे होतात. दुसरं काम म्हणजे सगळा फोटो काळा-पांढरा करून एखादीच वस्तू रंगीत ठेवायची. त्यासाठी रंगीत फोटोवर त्याचीच काळी-पांढरी प्रत अंथरतात आणि जिथे रंग दिसायला हवा तिथे वरची प्रत ब्रशनं पुसत जातात. खालचा रंग कुठे गेलेला नसतो. तो झाकलेला असतो.

शहरात हे दुसरं काम लग्नाच्या अल्बमसाठी करतात. आमच्या भागात त्याला वेगळं वळण लागलं, आणि ते वळण मीच लावलं.

झालं असं, की एका घरचा म्हातारा वारला. त्याचा एकट्याचा फोटो कुणी काढलाच नव्हता. होता तो नातवाच्या नामकरणाचा, सगळ्या घरादारासोबतचा. अशा वेळी माणूस कापून घेतात, मागे निळा पडदा नाहीतर देऊळ टाकतात आणि फ्रेम करतात. मी तेच करायला बसले होते. म्हातारी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “कापू नोको व माय. आमच्या मंधातून उचलशील तं तेवढी जागा रिकामी रायल.” मग मी म्हाताऱ्याला होता तिथेच ठेवलं, फक्त त्याचा रंग काढला. बाकी सगळे रंगीत, आणि मधे तो खुर्चीवर काळा-पांढरा. म्हातारीनं प्रिंट हातात घेऊन उजेडात धरली. “हाव,” म्हणाली, “आता बराबर आहे. गेला बी अन् आहे बी.”

ते पाहून दुसरे आले, मग तिसरे. थोड्याच वर्षांत आसपासच्या गावांत रीत पडली. घरातला माणूस गेला की घरचा मोठा फोटो घेऊन माझ्याकडे यायचं आणि त्याला ‘पांढरा’ करून न्यायचं. कोणाच्या घरी नवा पाहुणा आला तर भिंतीकडे पाहूनच त्याला समजतं, कोण आहे आणि कोण नाही.

त्यामुळे लग्नाच्या अल्बममधली ती शहरी फॅशन आमच्याकडे चालली नाही. एक तरुण शेतकरी बायकोसोबत आला, नव्या ट्रॅक्टरसमोरचा दोघांचा फोटो घेऊन. म्हणाला, “ताई, सप्पा काळा-पांढरा करा, ट्रॅक्टर तेवढा लाल ठेवा.”

बायको म्हणाली, “अन् मी?”

“तू बी काळी-पांढरी. इस्टाईल आहे थे.”

“काऊन? मी मेली काय? ट्रॅक्टर जित्ता अन् मी मेली?”

दुकानात बसलेल्या बाया हसून हसून बेजार झाल्या. शेवटी ती तांबड्या साडीत रंगीत राहिली, नवराही राहिला आणि ट्रॅक्टर मेला. तो फोटो अजून त्यांच्या घरी आहे.

हे सांगायचं कारण, काळा-पांढरा म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. दौलतभाऊंना तर पक्कं माहीत होतं.

त्यांच्या मोठ्या मुलाच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. तेव्हा त्यांनी माझ्याशी असा भाव केला होता की मलाही मजा आली. बरोबरीचा माणूस भेटला म्हणून. त्या लग्नातला एक फोटो माझ्या चांगला लक्षात होता. स्टेजवर सगळं घर उभं आहे. नवरा-नवरी, दौलतभाऊ फेट्यात, बाजूला त्यांच्या पत्नी यमुनाबाई आणि यमुनाबाईंना खेटून मुलगी वंदना. वांगी रंगाची साडी, हिरव्या बांगड्या, केसांत शेवंती. दोघींनी एकमेकींच्या बोटांत बोटं घातलेली. मी ‘हात खाली’ म्हणून ओरडले होते, तरी सोडली नव्हती.

एक दिवस दौलतभाऊ तो फोटो घेऊन एकटेच आले. वंदनावर बोट ठेवून म्हणाले, “हिले पांढरी करून द्या.”

मी हातातलं काम टाकलं. “काय झालं भाऊ?”

“ताप डोक्यात गेला. नागपूरले नेलं. वाचली नाई.”

ते रडले नाहीत. मला वाटलं, बाप माणूस, धरून ठेवलं असेल. मी फाइल उघडली. सगळ्यात अवघड होती ती बोटं. गुंतलेल्या बोटांत आईची कुठली आणि मुलीची कुठली, हे एकेक करून वेगळं काढावं लागलं. आईची रंगीत ठेवायची, मुलीची पुसायची. माझे डोळे भरून येत होते आणि ब्रश हलत होता. दौलतभाऊ बाहेर बाकावर बसून पान खात होते.

निघताना त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि न मोजता पुढे केल्या. तिथे मला कळायला हवं होतं. जो माणूस लग्नाच्या कामाला भाव करतो आणि लेकीच्या मरणाला करत नाही, त्याच्या मनात काहीतरी आहे. पण गेलेल्यांच्या कामात मी भाव करत नाही, हा माझा नियम आहे. माझ्या धंद्यात तेवढा एकच मऊ कोपरा आहे. मी नोटा परत केल्या. म्हटलं, पोरीसाठी राहू द्या. त्यांनी त्या मुकाट्यानं खिशात घातल्या. आज ते आठवलं की माझ्या अंगाची आग होते.

काही महिने गेले. बाजाराच्या दिवशी यमुनाबाई आल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिल्या. बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर पिशवीतून उकडलेले शिंगाडे काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि हळूच म्हणाल्या, “बाई, तुमी रंग काढला थो परत भरता येते का?”

मी म्हटलं, “मावशी, गेलेल्या माणसाला रंग भरत नाहीत. मन घट्ट करा.”

“थे गेली नाई वो.”

मला आधी वाटलं, दुःखानं बोलते आहे. मग त्यांनी सांगितलं. वंदना नागपूरला आहे, सुखात आहे. तिनं आपल्या मनानं लग्न केलं आणि मुलगा आमच्या समाजाचा, बौद्ध. म्हणून बापानं ती मेली असं ठरवलं. गावात, नात्यात तेच सांगितलं. ज्यांना खरं माहीत होतं तेही गप्प बसले, कारण भिंतीवर फोटो लागला होता.

म्हणजे ज्या समाजात पोरगी गेली म्हणून तिला मारलं, त्याच समाजातल्या बाईकडून तिच्या मरणाचा दाखला नेला. त्यांना माहीत नव्हतं असं कुणी मला सांगू नये. माझ्या दुकानात काउंटरच्या वर बाबासाहेबांचा फोटो आहे.

मी फोन उचलला. त्या माणसाला तिथल्या तिथे सोलून काढणार होते. यमुनाबाईंनी माझं मनगट धरलं. त्या एवढ्याशा बाईच्या हातात किती जोर होता!

“नोका बाई. तुमी भांडान, अन् मंग मले बजाराले येऊ देनार नाई.”

“मग मी वंदनाचा नंबर शोधून देते. बोला तिच्याशी.”

“नाई बोलता येत. पोराच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली मी. बोलनार नाई, पायनार नाई, घरात नाव घेनार नाई.” मग माझ्या कॉम्प्युटरकडे पाहून म्हणाल्या, “रंगाची शपथ नाई घेतली.”

मी आयुष्यभर भाव केला आहे. गाळ्याच्या मालकाशी, कागदवाल्याशी, नवरदेवांच्या मामांशी. पण यमुनाबाईंसारखी घासाघीस करणारी मला भेटली नाही. सगळं तोंडून काढून घेतलं होतं, तरी त्यांनी एक फट शोधली होती.

“दौलतभाऊंना दिसेल ना,” मी म्हटलं.

“थे तिकडे पाह्यतच नाई. फोटो लावला त्या दिसापासून त्या भिंतीकडे तोंड करून जेवाले बी बसले नाई. अन् तुमी सप्पा एकडाव नोका भरू. थोडा थोडा भरा.”

त्या दिवशी मी फक्त बांगड्यांचा हिरवा उघडला. तोही पूर्ण नाही, तळ्याच्या पाण्याखालून दिसावा तसा. नवी प्रिंट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी भाजीखाली ठेवली. पुढच्या खेपेला घरच्या फ्रेममधून काढलेली जुनी प्रिंट परत आणून दिली. म्हणाल्या, “घरात फाडवत नाई, चुलीत टाकवत नाई. तुमच्यापाशी ठिवा.” मी ती खणात ठेवली.

तेव्हापासून त्या अधूनमधून येत राहिल्या. त्या यायच्या त्या दिवशी मी इतर कामं बाजूला ठेवत असे. बांगड्या पुऱ्या हिरव्या झाल्या. मग साडीचा काठ. शेवंती उघडली त्या दिवशी त्या इतकं हसल्या, की पदर तोंडाशी धरावा लागला. एकदा मी उदार होऊन म्हटलं, आज सगळी साडी करून टाकू. तर म्हणाल्या, “नोको. अर्धी. उरलेली रोवणीनंतर.” भाताची रोवणी अजून लांब होती; कशाची तरी वाट पाहायला हवी होती त्यांना. शेवटी हात राहिले. ती गुंतलेली बोटं मी परत एकेक करून उघडली. आता दोघींच्या हातांचा रंग एक झाला, आणि कुठलं बोट कुणाचं ते परत कळेनासं झालं.

मग मी ब्रश चेहऱ्यावर नेला. त्यांनी माझा हात थांबवला.

“तोंड राहू द्या. थे दारात आली का मंग भरा.”

“ती कशी येईल, मावशी?”

“येईल ना. मी मेली तं येईल.” हे त्यांनी शिंगाड्याचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि पिशवी उचलून एसटीला गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. पुढच्या वर्षीच्या रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत काम करतानाच छातीत दुखून बसल्या आणि तिथेच गेल्या. मला ते दौलतभाऊंकडून कळलं. तेरवीसाठी फोटो हवा होता.

दुकानात येऊन म्हणाले, “घरच्या मोठ्या फोटोत हिले पांढरी करा.”

मी विचारलं, “वंदनाला कळवलं?”

“कोन वंदना?” म्हणाले. माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले.

मी फाइल उघडली, मोठी केली आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. वांगी साडी, हिरव्या बांगड्या, पिवळी शेवंती, हातात हात. नुसता चेहरा काळा-पांढरा.

ते स्क्रीनजवळ वाकले. मग म्हणाले, “हे कोनं केलं?”

“तुमच्या बायकोनं. तुमच्याच घरात, तुमच्याच भिंतीवर. तुम्ही कधी मान वर करून पाहिलं नाही म्हणून तिला जमलं.”

त्यांनी बोट पुढे केलं आणि काचेवर बांगड्यांवर ठेवलं. मला क्षणभर वाटलं, हा माणूस आता मोडणार. मी खुर्ची पुढे सरकवली. ते म्हणाले, “हे पुसा.”

मी त्यांना दुकानाबाहेर काढलं. काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. एसटी स्टँडवरचे लोक जमले होते. दौलतभाऊ गोंदियाला गेले आणि तिथून यमुनाबाईंना एकटीला कापून आणलं, मागे निळा पडदा टाकून. त्यात कापणाऱ्याचा काही दोष नाही, त्याला काय माहीत. पण त्या फोटोत यमुनाबाईंचा उजवा हात मनगटाशी संपतो. पुढची बोटं दुसऱ्या कुणाच्या हातात होती, म्हणून ती गेली.

शपथ यमुनाबाईंवर होती, माझ्यावर नव्हती. आमच्या समाजात नंबर शोधायला वेळ लागत नाही. मी वंदनाला फोन केला. आई गेल्याचं तिला माझ्या तोंडून कळलं. एका परक्या बाईच्या तोंडून.

ती तेरवीला आली. गावात गेली. आणि संध्याकाळच्या एसटीच्या आधी माझ्या दुकानात आली. मी तिला पाणी दिलं, ते तिनं हातातच धरून ठेवलं. काय झालं ते तिनं सांगितलं तसं लिहिते.

मांडवात पंगत बसली होती. ती आंगणाच्या तोंडाशी उभी राहिली. भाऊ हातात वरणाची बादली घेऊन होता. त्यानं खाली मान घातली. बाप ओसरीवरून उठला, घरात गेला आणि आतून दार लावलं. दाराआडून मोठ्यानं म्हणाला, “आमची पोरगी मेली. साऱ्या गावानं फोटो पाह्यला आहे.”

पंगतीतलं कोणी उठलं नाही. कोणी ‘बस’ म्हटलं नाही. जिला लहानपणी कडेवर घेतलं तीच ही, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. आणि साक्ष कुणाची काढली? माझ्या कामाची.

मी खण उघडला आणि यमुनाबाईंनी परत केलेल्या सगळ्या प्रिंट काउंटरवर ओळीनं मांडल्या. आधी पूर्ण काळी-पांढरी वंदना. मग थोडी हिरवी. मग काठ, शेवंती, अर्धी साडी, पूर्ण साडी. शेवटची, हातांची, त्यांच्या भिंतीवरच राहिली होती; ती मी नव्यानं काढून ठेवली. वंदना एकेक पाहत सरकत गेली. शेवटच्या फोटोपाशी थांबली. मी सांगितलं नव्हतं तरी तिला कळलं, की आई इतके दिवस काय करत होती.

“चेहरा काऊन राहिला?” तिनं विचारलं.

“तुझ्या आईनं ठेवायला सांगितला होता. म्हणाली, ती दारात आली की भरा.”

वंदना म्हणाली, “मी दारात गेली होती ना, ताई.”

मी कॉम्प्युटर सुरू केला. म्हटलं, “मग भरते.”

ती म्हणाली, “नोका. मायनं दारात आली का भरा म्हटलं, पन दार बंद होतं. आता भरलं तं खोटं होईल.” तिनं एकही प्रिंट नेली नाही. जाताना फक्त त्या शेवटच्या फोटोतल्या बोटांवरून अंगठा फिरवला. मग एसटी आली.

फाइल अजून माझ्याकडे आहे. रीतीप्रमाणे मी यमुनाबाईंचा रंग काढला. पुन्हा त्या बोटांपाशी बसले, पुन्हा एकेक वेगळं केलं. या वेळी आईची पुसली आणि मुलीची ठेवली. सगळं घर पूर्ण झालं आहे. वंदनाचा चेहरा तेवढा बाकी आहे. रंग खाली आहे. झाकलेला आहे.

दौलतभाऊ, हा अंक तुमच्या घरी येतो, हे मला माहीत आहे. तुम्ही मला फसवलं ते मी एक वेळ बाजूला ठेवते, आणि ते ठेवणं मला किती जड जातं हे तुम्हाला बाजारात कुणीही सांगेल. पण पंगतीतल्या सगळ्यांच्या देखत एक मुलगी तुमच्या आंगणात उभी होती आणि तुम्ही उठून दार लावलं. मेलेल्या माणसासाठी कुणी दार लावत नाही. माझं दुकान सकाळपासून उघडं असतं. या, समोर बसा, स्क्रीनकडे नीट मान वर करून बघा आणि मला उत्तर द्या. त्या दिवशी तुमच्या दारात कोण उभं होतं? नाव घेऊन सांगा.